भिंतीकडची बाजू

१

त्या हिवाळ्यात माझी सकाळ ठरलेली असायची. फजरची नमाज, मग चहा, मग यूनुस ऑफिसला गेला की अंथरुणं काढायची. आधी आमचं, नंतर फुफींचं.

फुफी म्हणजे हव्वाबी, यूनुसच्या वडिलांची बहीण. यूनुसची आई तो रांगत असतानाच गेली. त्याला वाढवलं ते फुफींनी. दाभोळच्या घरात त्या एकट्या पडल्या, तेव्हा यूनुसनं त्यांना मुंबईहून आगबोटीनं दुबईला बोलावून घेतलं. चौसष्ट साल संपत आलं होतं आणि उत्तरेचा वारा नुकता सुरू झाला होता.

दुबईत थंडी म्हटलं की गावाकडचे लोक हसतात. त्यांनी देरा वस्तीतलं आमचं घर बघायला हवं होतं. चुन्याच्या भिंतींच्या दोन खोल्या, वर खजुरीच्या झावळ्यांचं छप्पर, पुढे वाळूचं अंगण. खोरवरून, म्हणजे गावात शिरलेल्या खाडीवरून, ओला वारा सुटला की झावळ्या सळसळायच्या आणि गारवा थेट हाडांत शिरायचा. फुफींची बोटं सांध्यांशी सुजायची. पहाटे नमाजीआधी वजू करताना तांब्या हातातून निसटायचा. यूनुस ते बघायचा आणि त्याचा चहा तसाच राहायचा.

"त्यांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवू या का?" मी विचारलं.

शेजारच्या अन्वरीबाई तेव्हा अंगणात बसल्या होत्या. श्रीवर्धनच्या त्या, आमच्याही आधी इथे आलेल्या. त्यांनी कानाला हात लावला. "येडी झालीस काय गो? मागं दोघे भाऊ अशीच शेगडी आत घेऊन, दार लावून निजले. सकाळी उठलेच नाय. अंगावर डाग नाय, काय नाय. नुसते निजलेले."

म्हणून आम्ही दोघं बाजारात गेलो. इराणी दुकानदारानं आधी विजेची शेगडी दाखवली. तार लालभडक व्हायची, पण आमच्या गल्लीत वीज नवी होती आणि मनाला येईल तेव्हा जायची. शिवाय फुफींची ओढणी कायम जमिनीवर लोळायची. यूनुसनं ती शेगडी बाजूला सारली. मग रॉकेलची एक उंच शेगडी आली. यूनुसनं बोटानं ढकलली तर ती डुलली.

"नहीं चलेगा. मेरी फुफी बूढ़ी हैं. रात को उठती हैं."

"तो यह लो," दुकानदार म्हणाला आणि कोपऱ्यातून एक बुटकी, रुंद बुडाची शेगडी ओढून आणली. भोवती तारेचं जाळं, वात वरखाली करायला मोठी खिट्टी. त्यानं तिला पायानं धक्का दिला. ती सरकली, पण कलली नाही. "हबीबी, यह गिरेगा नहीं."

यूनुसनं डोळे मिटले आणि बोटं आखडून, सुजलेल्या हातानं फिरवावी तशी ती खिट्टी फिरवून बघितली. पुन्हा पुन्हा बघितली. दुकानदार हसायला लागला. मला मात्र हसू आलं नाही. आपल्याला वाढवणारे हात तो आठवत होता.

२

शेगडी घरी आली. पत्र्याच्या ताटात वाळू पसरून यूनुसनं ती खाटेपासून लांब, झावळ्या जिथे उंच होत्या तिथे ठेवली. खिडकीची झडप बोटभर उघडी ठेवायची, रॉकेल मी भरायचं, फुफींनी फक्त खिट्टी फिरवायची. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. एकदा स्वतः पेटवून दाखवली. निळी ज्योत गोल फिरली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"छान हाय," त्या म्हणाल्या. "पण मला लागायची नाय."

पहिल्या दिवसानंतर रॉकेल संपेचना. मी झाकण उघडून बघायची, तर टाकी काठोकाठ. वात तशीच. मला वाटलं, जन्मभर काटकसर केलेली बाई, तेल वाचवत असेल. किंवा भीती वाटत असेल.

"फुफी, थंडीत कुडकुडू नका हो. त्यानं एवढी शोधून आणलीय."

"अगो, पण मला थंडी वाजतच नाय." त्यांनी माझा हात धरला.

त्यांचे हात गरम होते. तळवे, बोटं, सुजलेले सांधे, सगळं. आत्ताच कुणाच्या तरी हातातून सुटल्यासारखे. मला बरं वाटलं. त्या दिवशी मला फक्त बरंच वाटलं.

३

मग एका सकाळी त्यांची गोधडी घडी करायला उचलली.

फुफी केव्हाच्या उठून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात कुराण वाचत बसल्या होत्या. खोली गार होती, भिंतीला हात लावला तर ओल लागत होती. खाट रुंद होती, पण फुफी अगदी कडेला, अलीकडच्या पट्टीला झोपायच्या. त्या जागेवर हात फिरवला, ती गार होती. तिथून उठून त्यांना बराच वेळ झाला होता.

भिंतीकडची बाजू गरम होती.

कोमट नाही, गरम. आत्ताच कुणी उठून गेलं असावं तशी. मी तळवा फिरवत गेले. उशीपासून सुरू होऊन ती ऊब खाटेच्या पायथ्यापर्यंत गेलेली. फुफी माझ्या खांद्याला लागायच्या. ही लांबी त्यांची नव्हती.

मी गोधडी खाली ठेवली आणि स्वतःशीच कारणं शोधायला लागले. भिंतीपलीकडे कुणाची चूल असेल. मी बाहेरून वळसा घालून गेले. पलीकडे घरमालकाची खजूर साठवायची कोठी होती, बंद, काळोखी, भिंत बर्फासारखी. मग ऊन? झडप पूर्वेला नव्हतीच. मांजर? मांजर एवढं लांब नसतं.

परत आले तोवर गादी निवली होती. मला भास झाला, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात फिरवला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

शेवटी मी विचारलंच. फुफी तांदूळ निवडत होत्या. "फुफी, तुम्ही एवढ्या कडेला का झोपता? पडाल एखाद वेळी."

त्यांनी मान खाली घातली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. म्हाताऱ्या बाईला मी तशी लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

"तेंना जागा नको?"

"कुणाला?"

"तुझ्या फुफाना." आणि हलकेच म्हणाल्या, "यूनुसला सांगू नको. तो हसेल."

४

फुफा म्हणजे फुफींचे नवरे, खैरुद्दीन. त्यांच्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नसे. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत ते दाभोळच्या बंदरातून गलबतावर चढले, इकडेच, आखाताकडे. त्यानंतर त्यांचा निरोप नाही, माणूस नाही. बुडाले म्हणावं तर गलबत सुखरूप परत आलं होतं. कुणी म्हणालं बसऱ्याला उतरले, कुणी म्हणालं दुबईला. फुफी तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या असतील.

"धक्क्यावर मी बायकांच्या मागं उभी होतंय," त्या सांगत होत्या. "मला दिसली ती तेंची पाठच. आता तोंड आठवायला जातंय, तर पाठच येतं डोळ्यासमोर. फोटो तरी कुठला त्या दिवसांत?"

"आणि आता?"

"आता पण पाठच. तिकडं तोंड करून निजतात. बोलत नाय. मी पाठीला पाठ लावली की झोप लागते बघ."

माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याच वेळी रडू येत होतं.

"पण फुफी, ते तेच कशावरून?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "दुसरं कोण येईल गो माझ्याकडं?"

मी यूनुसला सांगितलं. सांगायला नको होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही, पण ती त्याची फुफी होती आणि त्याला कळायला हवं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "वय झालंय. एकटेपणानं असं होतं. थंडीनं डोकं बधिर होतं म्हणतात. ती शेगडी पेटत का नाही रोज?"

त्या संध्याकाळी त्यानं स्वतः ती पेटवली.

खोली तापली. झडपेच्या फटीतून वारा येत होता, तरी भिंतीसुद्धा सुकल्यासारख्या वाटायला लागल्या. मला घाम सुटला. आणि फुफी खाटेवर बसून कुडकुडायला लागल्या. दात वाजत होते. यूनुसनं शेगडी जवळ सरकवली, तशा त्या आणखीच आखडल्या. मी त्यांचा हात धरला. तो मगाशी गरम होता. आता ओल्या दगडासारखा लागला.

"यूनुस, बाळा, विझव रे. ते गेले बघ. उठून गेले."

"कुणी गेलेलं नाही, फुफी. आपण सगळे आहोत ना इथे?"

तो रोज पेटवत राहिला. शेगडी उत्तम होती. धूर नाही, वास नाही, पडण्याची भीती नाही. डॉक्टर येऊन गेले, तेही म्हणाले, "अच्छा किया, ठंड से बचाओ." आणि आमच्या डोळ्यांदेखत फुफी खंगत गेल्या. जेवण सुटलं. बोटं आणखी सुजली. सकाळी मी गादीवर हात फिरवायची, भिंतीकडची बाजू गार असायची. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण फुफी अजूनही अगदी कडेला झोपत होत्या, जागा सोडून.

मला बघवेना. यूनुस कामावर गेला की मी शेगडी विझवायला लागले.

"फुफी, घटकाभर पडा आता," मी म्हणायची आणि दार लोटून घ्यायची. मी काय करतेय ते मला कळत होतं. कुणासाठी दार लोटतेय, तेही.

त्यांच्या हातांत ऊब परत आली.

५

दुपारची त्यांची झोप वाढत गेली. दाराबाहेर बसून मी शिवण करायची. आत त्यांचा आवाज यायचा, पुटपुटल्यासारखा. आधी मला वाटलं दुआ म्हणतात.

"अवो, जरा वळा की. एकदा तोंड बघू द्या."

मग शांतता. मग परत तेच. लहान मुलाची समजूत काढावी तसा सूर. उत्तर मी कधीच ऐकलं नाही. फक्त एकदा खाटेची दोरी करकरली, जड माणूस कूस बदलण्याआधी हलतो तशी. फुफींचं वजन मला ठाऊक होतं. न्हाणीत मीच त्यांना उचलून बसवायची.

"आज खांदा हलला," त्या मला चहाच्या वेळी म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"फुफी, नका हो विचारू त्यांना. आहे तसंच राहू द्या ना."

"का गो?"

पाठ कुणाचीही असू शकते, हे मी त्यांना कसं सांगणार होते?

तो शुक्रवार होता. पुरुष जुम्म्याच्या नमाजीला गेले होते, त्यामुळे गल्ली सुनसान. वारा असा सुटला होता की अंगणातली वाळू दारावर सपासप आपटत होती. शेगडी विझलेली. मी चुलीपाशी मासे परतत होते आणि आतून फुफींचा आवाज ऐकू येत होता, नेहमीचाच, "वळा की, वळा की."

मग तो थांबला.

खाट करकरली. या वेळी पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी किंकाळीची वाट बघत उभी राहिले. किंकाळी आली नाही. खूप वेळानं फुफी बोलल्या, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात भीती नव्हती. घराचा रस्ता चुकून अंगणात आलेल्या परक्या पोराला विचारावं तशा त्या म्हणाल्या,

"तू कुणाचा रे?"

मी दार ढकललं.

झडपेतून उजेडाची एक पट्टी खाटेवर पडली होती. फुफी कोपरावर उठून बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्या खांद्यापलीकडे, गोधडीच्या वर, मला एक गाल दिसला. एवढंच. कोवळी, नुकती फुटलेली दाढी. त्या गालावर गोधडीच्या शिवणीचे वळ उठले होते, गाढ झोपून उठलेल्या माणसाच्या गालावर उठतात तसे.

वाऱ्यानं झडप आपटली, उजेड गेला. मी धावत जाऊन ती उघडली. खाटेवर फुफी एकट्या होत्या. भिंतीकडच्या उशीला खळगा होता. मी बघत असतानाच कापूस हळूहळू फुगला आणि खळगा बुजला.

चुलीवर मासे करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. फुफी रडत होत्या, आवाज न करता.

"पोर हाय गो," त्या म्हणाल्या. "कुणाचं तरी पोर."

६

यूनुस नमाजीहून आला तेव्हा शेगडी पेटलेली होती. फुफींनी ती स्वतः आमच्या खोलीत ओढत आणली होती, ताटातली वाळूसुद्धा नीट पसरली होती. त्या समोर बसून ज्योतीवर हात धरत होत्या.

"शाब्बास, फुफी," यूनुस खुशीत म्हणाला.

"मी आता इथंच निजेन. ती खोली राहू दे."

"का?"

"राहू दे म्हटलं ना. खाट हलवू नको, गोधडी काढू नको." मग त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या फुफांच्या नावानं फातेहा वाच. मी उद्यापासून इद्दतला बसतंय."

यूनुसच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात बसून काढायचे दिवस. बाहेर जायचं नाही, नटायचं नाही. इतक्या वर्षांत फुफींनी ती पाळली नव्हती, कारण खैरुद्दीन गेले असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

"फुफी, काही खबर आली का? कुणी सांगितलं?"

"खबर कुठली? मी एवढ्या लांब, तेंच्या दाराशी आलंय. येता आलं असतं तर तेच आले असते ना? दुसऱ्याला कशाला येऊ दिलं असतं?"

यूनुसनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तो जमिनीवर बसला आणि त्यानं फुफींच्या मांडीवर डोकं ठेवलं. लग्न झाल्यापासून मी त्याला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या, आणि त्या म्हाताऱ्या बाईनं पहिल्यांदा नवऱ्यासाठी मोठ्यानं आक्रोश केला. अन्वरीबाई धावत आल्या. काय झालं, कोण गेलं, विचारायला लागल्या.

इद्दतभर शेगडी आमच्या खोलीत जळत राहिली. थंडी सरली, वारा फिरला, आम्ही दोघं घामानं निथळायला लागलो, तरी फुफी शाल गुंडाळून तिच्यासमोर बसायच्या. ऊब त्यांना पुन्हा कधी पुरली नाही. यूनुस मुकाट्यानं रॉकेल आणायचा.

त्या खोलीतलं अंथरूण मी काढत नव्हते. केर काढायला जायची तेवढीच, दार उघडं ठेवून. गादीवर हात फिरवून बघायचा मोह रोज व्हायचा. मी बघितलं नाही. एकदा फुफींनी मला वाटीत खिचडी घालून दिली आणि दाराकडे बोट केलं. मी ती आत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तशीच होती, वर मुंग्या. मी वाटी घासून टाकली. फुफींनी विचारलं नाही.

इद्दत संपली तेव्हा कडक ऊन पडायला लागलं होतं. त्यांनी आंघोळ केली, पांढरे कपडे घातले आणि म्हणाल्या, "मला जरा पाण्याकडं ने."

मी त्यांना खोरवर नेलं. पलीकडच्या काठाला जाऊन यायचं म्हणून अब्र्याची, पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघत आम्ही पायऱ्यांवर बसलो. मुंबईची आगबोट त्याच दिवशी लागली होती. काठावर पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, माणसंच माणसं.

"तुला दिसला होता ना तो?" फुफींनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मग इसरू नको. इकडंच गेला, ते तेच्या घरच्यांना काय कळायचं नाय. ती आई बसली असेल दारात."

"तो बोलला का काही, फुफी?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "थंडी वाजतेय म्हणाला," त्या म्हणाल्या.

अब्रेवाल्यानं "यल्ला, यल्ला!" म्हणून हाक दिली. होडी भरत गेली. नवी आलेली पोरं होती सगळी, आमच्याच बाजूची असावीत, केसांना तेल, अंगावर नवे शर्ट. मी फुफींना धरून कडेला बसवलं आणि माझ्या लक्षात आलं की मी एकेकाचा चेहरा बघतेय, बारकाईनं, गालापासून.

समोरचा एक जण ओशाळला. "काय झालं, आपा?" त्यानं विचारलं. बोली आमचीच होती.

"काही नाही रे," मी म्हणाले. "पोचलास ते घरी कळवलंस?"

"अजून कुठं? आत्ताच तर उतरलो. कळवीन ना, इन्शाल्ला, जरा बस्तान बसलं की."

"आजच कळव," फुफी म्हणाल्या. त्यांनी पुढे वाकून त्याचा हात धरला. भर उन्हात त्यांचा गार हात लागल्यावर तो पोरगा दचकला, पण त्यानं हात सोडवून घेतला नाही. पलीकडचा काठ येईपर्यंत त्या तो तसाच धरून बसल्या होत्या.